अण्णा बोलतील

श्राद्ध उरकेपर्यंत त्या घरात कॉफी मिळत नसे. वडलांना, म्हणजे अप्पांना, जाऊन इतकी वर्षं झाली होती की विजयेंद्रच्या दुःखाची धार बोथट झाली होती, कॉफीच्या तलफेची मात्र नव्हती. नंजनगूडहून पहाटे निघून तो आणि त्याची बायको तुंगा शहरात नजरबादला अण्णांच्या घरी पोचले, तेव्हापासून तो दिवाणखान्यात नुसता बसला होता आणि आचार्यांची वाट बघत होता. तुंगा आल्याआल्या अंघोळ करून ओल्या साडीनं मागच्या पडवीत गेली होती. तिथं विटांची चूल मांडून गोदावैनींनी सोवळ्यातला स्वयंपाक लावला होता, आणि लाकडाचा धूर जिन्यातून वर चढत होता. एरवी या घरात धुराचं नाव निघालं की अण्णांची लेक सहना एसी लावून खिडक्या बंद करायची. आज आजोबांचा दिवस म्हणून धुराला माफी होती.

अण्णा म्हणजे हयग्रीव, विजयेंद्रचा थोरला भाऊ. त्याच शहराच्या कडेला हेब्बाळला त्यांची ओतकामाची मोठी कंपनी. तिथल्या भट्ट्या विजेवर चालत, माल जर्मनीला जाई, आणि फाटकातून कामगारांच्या बसगाड्या आतबाहेर करत. विजयेंद्रकडं अप्पांची जुनी भट्टी राहिली होती, नंजनगूडची, कोळशाच्या कोकवर चालणारी. पंपांचे सांगाडे, गटारांची झाकणं, असला साधा माल तो ओतायचा. वाटणी दोघांनी शब्दावर केली होती, वकिलाचं तोंड न बघता, आणि गावभर त्याचं कौतुक झालं होतं.

धंदा वेगळा झाला, घरं वेगळी झाली, पण श्राद्ध एकच राहिलं. खरं म्हणजे वाटणी झाली की भावांनी बापाचं श्राद्ध आपापल्या चुलीवर करायचं असतं. आचार्यांना ते ठाऊक होतं, दोघा भावांनाही ठाऊक होतं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नसे. संकल्प अण्णांनी सोडायचा, आणि विजयेंद्रनं मागं बसून दर्भाची काडी त्यांच्या पाठीला टेकवून धरायची. थोरला जे बोलेल ते धाकट्याचंही झालं, असा त्याचा अर्थ.

हा नियम नुसता श्राद्धापुरता नव्हता. अप्पांच्या राज्यात अण्णा असताना धाकट्या विजूनं तोंड उघडायचं नाही, हे ठरलेलंच होतं. एकदा लहानपणी विजूनं भट्टीवरचा तयार साचा पाय देऊन मोडला. अप्पांनी विचारलं, कुणी मोडला? अण्णा म्हणाले, मी. बोलायचा मान त्यांचा, म्हणून मारही त्यांनीच खाल्ला. ते वळ विजयेंद्र अजून विसरला नव्हता. माणूस असा मार आपल्यासाठी खातो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला वेगळं कारण लागत नाही.

म्हणून तर गेल्या महिन्यात तो तसं वागला होता. सरकारचा नवा नियम येऊ घातला होता. टनभर लोखंड ओतताना किती धूर सोडायचा, त्याची मर्यादा. जास्त सोडेल त्यानं दंड भरायचा, कमी सोडेल त्याला तो वाचवलेला धूर बाजारात विकता येणार. त्यावर बेंगळुरूला सुनावणी होती. नंजनगूडचे लहान भट्टीवाले एक टेम्पो ठरवून तिकडं जायला निघाले होते, आणि विजयेंद्र त्यांच्या संघाचा अध्यक्ष. त्यानंच त्यांना थांबवलं. "कशाला एक दिवस घालवता? माझा भाऊ या नियमाच्या कमिटीवर आहे. अण्णा मातनाडतारे. अण्णा बोलतील." महादेवप्पानं दोनदा विचारलं, नक्की ना सार? विजयेंद्रला त्या वेळी त्याचा थोडा रागही आला होता.

सुनावणीत काय झालं ते अण्णांनी फोनवर सांगितलं नाही. "भेटल्यावर बोलू," म्हणाले. आज भेटल्यावर म्हणाले, "आधी श्राद्ध होऊ दे."

दाराची घंटा वाजली. आचार्य आले असं वाटून विजयेंद्र उठला. दारात एक तरुण माणूस होता, इस्त्रीच्या शर्टात, हातात भला मोठा फुलांचा गुच्छ आणि मिठाईचा पुडा.

"नमस्कार. सर आहेत का? मी निनाद. कंपनीत पर्यावरणाचं काम बघतो. पुण्याचा आहे." तो विजयेंद्रच्या सोवळ्याकडं, उघड्या अंगाकडं बघून जरा चपापला. "पूजा आहे का घरी?"

"श्राद्ध आहे. आमच्या वडलांचं."

निनादचा चेहरा पडला. गुच्छ कुठं ठेवावा ते त्याला कळेना. आधी पाठीमागं धरला, मग खाली जमिनीवर ठेवला. "सॉरी, सॉरी काका. मला सहनामॅडम काही बोलल्या नाहीत. काल संध्याकाळी नियम जाहीर झाला ना, म्हणून म्हटलं सरांना अभिनंदन... तुम्ही सरांचे भाऊ? मग तुम्हालाही अभिनंदन!"

"मला कशाबद्दल?"

"आपण मागितलं ते सगळं मिळालं, काका. मर्यादा आपण सुचवली तीच. लागू पुढच्या एप्रिलपासून. लहान भट्ट्यांना पाच वर्षांची मुदत द्यायचं अधिकाऱ्यांच्या डोक्यात होतं, ती पण निघाली. सरांनी एकदम जोरात मांडलं. मी मागच्या रांगेत होतो, अंगावर काटा आला."

"कुणी काढायला लावली मुदत?"

"सरांनीच." निनाद हसला. समोरचा माणूस हसत नाही हे त्याला जरा उशिरा दिसलं. "तुमचीही ओतकामाचीच लाइन का?"

"माझी लहान भट्टी आहे," विजयेंद्र म्हणाला. "नंजनगूडला."

बिचाऱ्याची चूक काही नव्हती. तो मिठाईचा पुडा हातात घेऊन उभा राहिला, मग "मी नंतर येतो" असं पुटपुटत निघून गेला. गुच्छ दारातच राहिला. श्राद्धाच्या घरात तो आत घेता येईना आणि फेकायचं कुणाला सुचेना.

अण्णा गच्चीवर पंचा वाळत घालत होते. सहना तिथंच फोनवर होती. ही अण्णांची एकुलती मुलगी. बाहेर शिकून आल्यापासून कंपनी तीच चालवायची, आणि वडील तिच्या शब्दाबाहेर नसायचे. काकाचा चेहरा बघून तिनं फोन बंद केला.

"अण्णा," विजयेंद्र म्हणाला, "मुदत नको असं तुम्ही म्हणालात?"

अण्णांनी पंच्याचं टोक नीट केलं. "कोण, निनाद आला होता वाटतं. विजू, श्राद्ध होऊ दे रे. मग बसून बोलू."

"आत्ता सांगा. हो का नाही?"

"हौदु. म्हणालो."

आजवर अण्णांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही. त्याचंच विजयेंद्रला जास्त लागलं.

"तुम्हाला सरकारचा नियम हवा होता?" तो म्हणाला. "जन्मभर तुम्ही इन्स्पेक्टर आला की शिव्या घातल्यात. कारखानदाराला कशाला हवा सरकारचा फास?"

"ऐक." अण्णा कठड्याला टेकले. "विजेच्या भट्ट्या मी बसवल्या तेव्हा सगळे हसले. त्यांचं कर्ज मी फेडतोय. आणि टेंडर कोण नेतं? कोकवाला. त्याला धूर फुकट, मला वीज विकत. शहाणपण केलं त्याचा दंड मी भरतोय, गेली किती वर्षं. आता सरकार म्हणतंय, धूर सोडेल त्यानं भरावं. मी बेडा म्हणू? नको म्हणू?"

"आणि काका," सहना म्हणाली, "युरोपला माल उतरला की ते कार्बनचा टॅक्स घेतात. इथं आपल्याच सरकारला भरला तर तिथं तेवढा कमी होतो. कुठंतरी भरायचाच आहे ना, मग इथंच भरू. आणि रूल पक्का असला की बँक लोन देते. आज एक, उद्या एक, असं असलं की कोणी देत नाही. आम्हाला रूल हवा होता. कसला का असेना, पण फिक्स."

"कसला का असेना कसा? तुमच्या मापाचा हवा होता."

उत्तर अण्णांनी दिलं. "टेबलापाशी जो बसतो त्याच्याच अंगाचं माप घेतात, विजू. मी बसलो नसतो तर कुणी कोइमतूरवाला कारखानदार बसला असता. मग तू पण गेला असतास आणि मी पण. आता निदान एक तरी राहील."

"पाच वर्षं दिली असती तर तुमचं काय गेलं असतं?"

"सगळंच. उद्या प्रत्येक मोठा कारखानदार आपला धुराचा माल लहान भट्टीत ओतून घेईल आणि वर आपण स्वच्छ म्हणून मिरवेल. भोक ठेवलं की टाकी रिकामी. नियम सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. अर्धामुर्धा चालत नाही."

विजयेंद्रला हे सगळं समजत होतं, हेच वाईट होतं. नियम म्हणजे कुंपण. आत असेल त्याची राखण, बाहेर राहील त्याला काटे. आणि कुंपण कुठून घालायचं ते सगळ्यात मोठ्या शेताच्या मालकाला विचारून ठरलं होतं. आयुष्यभर सरकारच्या नावानं बोटं मोडणारे अण्णा त्या कुंपणाचं स्वागत का करतात, ते आता कुणी शिकवायला नको होतं.

"पण तो धूर खोटा आहे का?" सहना एकदम म्हणाली. "तुमचा खोकला, काका? डॉक्टरकडं मीच नेलं होतं ना तुम्हाला? ती भट्टी तुम्हाला मारतेय. मला कसं... हे मराठीत सांगायला येत नाही मला. पण मी प्रॉफिटसाठी नाही बोलत. खरंच नाही."

ती खरं बोलत होती. याच पोरीला त्यानं लहानपणी भट्टीवर नेऊन लोखंडाचा लाल रस दाखवला होता, आणि ती घाबरून त्याच्या गळ्याला घट्ट बिलगली होती. धूर खरा होता, खोकला खरा होता. एखादा खोट्याच्या आडून मारायला आला तर त्याला उलट मारता तरी येतं. खऱ्याच्या आडून आलेल्याचं काय करायचं, ते विजयेंद्रला माहीत नव्हतं.

"धूर खोटा नाही, पुट्टी," तो तिला लहानपणीच्या नावानं म्हणाला. "मला भट्टी बदलायला मुदत हवी होती. मलाही विजेची हवी. माझ्या रस्त्याला तेवढी वीजच अजून येत नाही. ती येईपर्यंतची मुदत. एवढंच कुणीतरी तिथं सांगायचं होतं." मग तो अण्णांकडं वळला. "नंजनगूडचं कुणी आलंय का, असं विचारलं असेल ना त्यांनी?"

अण्णा पंच्याकडं बघत राहिले.

"विचारलं का नाही?"

"विचारलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. सहना मान खाली घालून अंगठ्यातली अंगठी फिरवत होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"त्यांच्या वतीनं मी आहे, असं म्हणालो," अण्णा म्हणाले.

विजयेंद्रला तो टेम्पो दिसत होता, ठरवून मग रद्द केलेला. एकेकाला त्यानं स्वतः फोन केले होते. अण्णांनी नुसतं मारलं नव्हतं, मारताना हात त्याचा वापरला होता.

"जागा मला दे," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "गोडाऊन करू. तुला कंपनीत घेतो, मानानं घेतो. तुझी माणसं, जमतील तेवढी घेऊ. मी तुला वाऱ्यावर सोडणार आहे का रे? साचा मोडला होतास तेव्हा..."

"तो साचा काढू नका आज," विजयेंद्र म्हणाला आणि जिना उतरला.

खाली पडवीत गोदावैनी वडे तळत होत्या आणि तुंगा तीळ कुटत होती. दोघींच्या कपाळावर घाम होता. श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरची चालत नाही, म्हणून मिरी कुटून ठेवली होती आणि तिचा खाट नाकात जात होता. सोवळ्यात शिवायचं नव्हतं, म्हणून विजयेंद्र उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "वैनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

गोदावैनींनी झारा तसाच धरून ठेवला. या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा विजू शाळेत होता. त्याच्या डब्यात त्या गपचूप जास्तीचं तूप घालायच्या.

"मी सांगितलं होतं त्यांना, विजूभावजी. आधी भावजींना सांगा, मग बेंगळुरूला जा. म्हणाले, सांगितलं तर तो पण येईल, आणि तो समोर बसला तर माझ्या तोंडून निघायचं नाही." त्यांचे डोळे भरले. "तुमच्यासमोर त्यांना जमलं नसतं. म्हणून सांगितलं नाही. अय्यो, मी तरी काय करू?"

तुंगाचा कुटायचा हात थांबला. काय झालं ते तिला अर्धंच कळलं होतं, पण अर्धं पुरेसं होतं. गेली कित्येक वर्षं ती नवऱ्याला म्हणत आली होती, आपलं श्राद्ध आपल्या घरी करू, किती दिवस दुसऱ्याच्या पाठीला काडी लावून बसणार? आता नवऱ्याचा चेहरा बघून तिलाच ते नको झालं.

"अहो," ती म्हणाली, "आज काही करू नका हं. आजचा दिवस जाऊ दे. मामंजींचा दिवस आहे."

तेवढ्यात आचार्य आले. जयतीर्थाचार्य म्हातारे, घाईचे, आणि मनानं बरे. दारातला गुच्छ त्यांनी काठीनं बाजूला सारला. ब्राह्मण आसनांवर बसले. तीळ, दर्भ, पाणी मांडून झालं. अण्णा ओलेत्यानं पाटावर बसले. त्यांची पाठ म्हातारी झाली होती. मणक्याचे मणी दिसत होते, आणि डाव्या खांद्याखाली एक जुना पांढरट वण होता. अप्पांच्या पट्ट्याचा. दर वर्षी विजयेंद्र दर्भाची काडी नेमकी त्या वणाला टेकवायचा. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"विजयेंद्रराव, या, बसा. दर्भ धरा," आचार्य म्हणाले.

विजयेंद्र उभाच राहिला.

"वेळ होतोय. बसा."

"आचार्यरे," तो म्हणाला, "आम्ही विभक्त आहोत."

आचार्यांनी पळीतलं पाणी परत पंचपात्रात ओतलं. पडवीतला झाऱ्याचा आवाज थांबला.

"विजू, सुम्मने कूतको," अण्णा मागं न बघता म्हणाले. गप बस. आवाज चढा नव्हता. लहानपणी अप्पांसमोर म्हणायचे तसाच होता, वाचवायला म्हटल्यासारखा.

"आयुष्यभर गपच बसलो, अण्णा. तुम्ही बोलायचं आणि मी पाठीला काडी लावायची. तुम्ही जे बोलाल ते माझं. आता तुम्ही जे बोललात ते माझं नाही. मग ही काडी मी कशी धरू? अप्पांना काय सांगू, काय म्हणून धरली?"

"धंद्याची गोष्ट इथं आणू नकोस."

"तुम्ही घराची गोष्ट तिथं नेलीत."

सहना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ती "काका" म्हणाली. अण्णांची पाठ हलली नाही. ते वळले असते, एकदा बघितलं असतं, तर विजयेंद्र कदाचित बसला असता. हे त्याला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. अण्णा वळले नाहीत. संकल्पाला बसलेल्यानं मागं बघायचं नसतं, का त्यांच्यानं बघवलं नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आचार्यांनी घसा खाकरला. "विभक्त असाल तर वेगळं केलं पाहिजे. आजच, दुपार टळायच्या आत. पण चूल कुठली पेटवणार आता तुम्ही? स्वयंपाक कधी व्हायचा?" मग शास्त्र विचारलं तर सांगावंच लागतं, तशा आवाजात म्हणाले, "आमश्राद्ध करता येतं. ज्याच्याकडं अग्नी नाही, जो संकटात आहे, त्यानं कच्च्या धान्यानं करावं. नदीवर करा. चालतं."

"बरं," विजयेंद्र म्हणाला.

तुंगा पडवीतून बाहेर आली. तिनं अडवलं नाही. फक्त वाकून अण्णांना लांबूनच नमस्कार केला, आणि त्यांनी मान किंचित हलवली. गाडीत बसल्यावर विजयेंद्रनं बघितलं, तिच्या मांडीवर पिशवी होती. तांदूळ, मूग, गुळाचा खडा, एक कच्चं केळं, आणि वर तिळाची पुडी.

"हे कुणी दिलं?"

"गोदाअक्कांनी."

"त्या घरचं नको."

"अक्कांचा हात आहे त्याला, अण्णांचा नाही," तुंगा म्हणाली. "तुम्ही गाडी चालवा."

नंजनगूडला घाटावर उन्हाचा चटका होता. पायऱ्यांवर एक तरुण भटजी मोबाइल बघत बसला होता. त्यानं नाव विचारलं, गोत्र विचारलं, आणि पळसाच्या पानावर कच्चे तांदूळ मांडायला सांगितले. "घरी का नाही केलंत?" त्यानं सहज विचारलं. विजयेंद्र म्हणाला, चूल नाही. भटजीनं आणखी विचारलं नाही. अशी माणसं त्याच्याकडं येत असावीत.

"माझ्या मागून म्हणा."

आणि विजयेंद्रच्या लक्षात आलं की त्याला हे म्हणता येत नाही. इतक्या वर्षांत शब्द हजारदा कानांवरून गेले होते, पण ते दुसऱ्याच्या तोंडचे होते. 'माझ्या पित्याचं' हे त्याला स्वतःच्या आवाजात म्हणायचं होतं, आणि नेमकं तिथंच तो अडखळला. भटजीनं शब्द परत सांगितला. तो परत अडखळला. तुंगा पायरीवर मागं बसली होती. तिनं दर्भाची एक काडी उचलली आणि त्याच्या पाठीला टेकवून धरली. बायकोनं तसं करायचं असतं का नसतं, भटजीला ठाऊक नसावं, किंवा असूनही तो गप्प बसला. तिसऱ्यांदा शब्द बाहेर पडला.

पलीकडं झाडांच्या वर भट्ट्यांची धुराडी दिसत होती. अप्पांचा दिवस म्हणून त्याचं स्वतःचं धुराडं आज थंड होतं. महादेवप्पाच्या धुराड्यातून मात्र काळा, जाड धूर सरळ वर चढत होता. तो धूर चांगला नाही, हे विजयेंद्रला आता कुणी सांगायची गरज नव्हती. पण त्या धुराखाली माणसं रस ओतत होती, आणि पुढच्या एप्रिलला तिथं काही नसणार हे त्या माणसांना अजून कळलेलं नव्हतं.

तांदूळ भटजीच्या पिशवीत गेले. तीळ पाण्यात सोडून झाले. ओल्या हातानं विजयेंद्र पायरीवर टेकतो न टेकतो तोच फोन वाजला. पडद्यावर महादेवप्पाचं नाव होतं. तुंगानं त्याच्याकडं बघितलं, तसं त्यानं घेतला.

"सार, पूजा मुगीता?" महादेवप्पा म्हणाला. झाली का पूजा? मागं बाकीच्यांचे आवाज येत होते, सगळे त्याच्या भट्टीवर जमले होते वाटतं. "टीव्हीवर काहीतरी नियमाचं आलं म्हणतात. आम्हाला कळेना. अण्णा मातनाडिदरा, सार? बोलले का अण्णा?"

विजयेंद्रनं नदीकडं बघितलं. तीळ अजून काठाशीच तरंगत होते, पुढं सरकत नव्हते.

"बोलले," तो म्हणाला. "आपल्या सगळ्यांच्या वतीनं बोलले."

पलीकडं कुणीतरी आनंदानं ओरडलं. महादेवप्पानं फोन बाजूला धरून बाकीच्यांना कन्नडमध्ये तेच सांगितलं, आणि आणखी दोघंतिघं ओरडले.

"थांब, महादेवप्पा," विजयेंद्र म्हणाला. "त्यांना गप्प कर. मी तिकडं येतोय. काय बोलले ते मलाच सांगायचंय."